घरात इम्प्रोव्ह वापरताय? मग या चुका टाळा

पुण्यात दोन दिवसांचं इम्प्रोव्हचं, म्हणजे संहितेशिवाय तिथल्या तिथे सुचेल तसं नाटक करण्याचं, वर्कशॉप केलं आणि सोमवारी सकाळपासून घरी प्रयोग सुरू. बुधवारी बायको म्हणाली, "नीट बोल ना रे, हे काय नाटक लावलंयस?" तेव्हा खालच्या सगळ्या चुका माझ्या स्वतःच्या आहेत, उगाच ज्ञान देत नाहीये.

इम्प्रोव्हचा मूळ नियम "हो, आणि", म्हणजे समोरच्याने मांडलेलं मान्य करायचं आणि त्यात आपली भर घालायची. सगळ्यात मोठी चूक म्हणजे त्याचा अर्थ सगळ्याला हो असा घेणं. स्टेजवर समोरचा म्हणाला "डॉक्टर, माझा हात निळा पडलाय" आणि तुम्ही म्हणालात "मी कुठे डॉक्टर?" तर सीन तिथंच मेला, याला ब्लॉक करणं म्हणतात. मी काय केलं, तर मामेबहिणीच्या साखरपुड्याला हो, मित्राचं सामान हलवायला हो, सोसायटीच्या मीटिंगला पण हो, आणि तिन्ही एकाच रविवारी. अरे, हो म्हणायचं ते समोरच्याला जे वाटतंय त्याला, प्रत्येक मागणीला नाही. बायको म्हणते "आज ऑफिसात डोकं उठलं" आणि आपण म्हणतो "अगं त्यात काय, सगळीकडे असंच असतं", हा झाला ब्लॉक. त्याऐवजी "परत त्या रिपोर्टवरून का?" एवढंच विचारा, पुढचं ती आपोआप सांगते. आणि कुणी उसने पैसे मागितले तर "अडचण आहे कळतंय, पण या महिन्यात मला नाही जमणार" हेही चालतं, त्यात काही ब्लॉक वगैरे नाही.

दुसरी चूक, समोरचा बोलत असताना मनात आपला डायलॉग जुळवत बसणं. आमच्या सिंधुदुर्गातला दशावतार बघा, लिहिलेली संहिता नसते, रंगपटात बसून आख्यान काय ते ठरतं आणि संवाद रात्री तिथल्या तिथे उभे राहतात. समोरच्या राजाने काय म्हटलं हे नीट ऐकलंच नाही तर उत्तर देणार कशाला? इम्प्रोव्हचे खेळ तयार करणाऱ्या अमेरिकेतल्या व्हायोला स्पोलिन बाईंचा आरशाचा खेळ पण हेच शिकवतो, दोघं समोरासमोर, एक हलेल तसा दुसरा हलणार, नंतर कोण कुणाच्या मागे जातंय तेच कळेनासं होतं. घरी आरसा करायची गरज नाही, फक्त समोरच्याचं वाक्य संपल्यावर एक श्वास जाऊ द्या आणि मग बोला. मला अजून जड जातं ते.

आता स्टेटस. इम्प्रोव्ह शिकवणारे कीथ जॉनस्टन यांनी लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये यावर बरंच काम केलं, म्हणजे कोण वर, कोण खाली हे शब्दांपेक्षा उभं राहण्यात, हात हलवण्यात दिसतं. मला हे बाबांच्या फोनवरून कळलं. त्यांना क्यूआर स्कॅन करून पैसे पाठवायचे होते, मी म्हटलं "द्या इकडे" आणि फोन हातातून काढूनच घेतला, दोन सेकंदात काम झालं, पण बाबा नंतर कितीतरी वेळ टीव्हीकडे बघत गप्प. पुढच्या वेळी मी खाली जमिनीवर बसलो, फोन त्यांच्याच हातात, "खाली ते चौकोनाचं चिन्ह दिसतंय का?" वगैरे. दहा मिनिटं गेली, पिन दोनदा चुकला, पण पन्नास रुपये त्यांनी स्वतः पाठवले आणि मग मलाच ऐकवलं, "एवढं काय अवघड नाही हां."

बाकी छोट्या चुका पण आहेत. प्रत्येक गोष्टीवर जोक मारू नका, स्टेजवर पण हशासाठी पार्टनरचा सीन मोडणारा कुणाला आवडत नाही. तो मऊ, काळजीवाला आवाज काढू नका, घरच्यांना तुमचा खरा आवाज माहितीये. आणि जिथे धमक्या, मारहाण असलं काही आहे तिथे हे खेळ काढूच नका, तिथे मदत घ्यायची.

आणि सगळं करूनही समोरचा वैतागत असेल तर बघा, तुम्ही वर्कशॉपची भाषा घरात वापरताय का. मी एकदा भर भांडणात म्हणालो, "तू मला ब्लॉक करतेयस." तिने केलं पण, व्हॉट्सॲपवर, संध्याकाळपर्यंत.