काटा चढला तर आधी पंखा बघा
घोडबंदर रोडला गायमुखच्या चढणीवर गाडी रांगेत अडकली की टेंपरेचरचा काटा वर, रस्ता मोकळा मिळाला की खाली? मग इंजिन खोलायची घाई नको. एसी लावून बघा. बहुतेक गाड्यांत रेडिएटरचा पंखा लगेच फिरायला लागतो. नाही फिरला तर आधी फ्यूज तपासा, मग रिले, म्हणजे पंख्याला वीज जोडणारा छोटा स्विच. आमच्या जुन्या गाडीत रिलेच्या पिनेवर हिरवट गंज चढला होता; रिले बदलला, काम झालं. भरधाव चालतानाही काटा चढत असेल तर मात्र कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) आणि थर्मोस्टॅट (त्याचा प्रवाह उघड-बंद करणारी झडप) तपासून घ्या. आणि हात जोडून सांगते, गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडू नका. उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं.