शिअर झोनमधली खनिजं ओळखताना या चुका टाळा

बडोद्याहून हालोलच्या रस्त्याला लागलं की पहिला मोह पावागडचा होतो. शिअर झोन, म्हणजे दोन बाजू एकमेकींना घासत सरकताना मधला खडक पिळवटला तो पट्टा, बघायचा असेल तर हा मोह आवरा. पावागड दख्खन ट्रॅपच्या लाव्हाचा. त्याच्या पोकळ्यांतली खनिजं पर्वत घडताना पिळवटलेल्या खडकातली नव्हेत. आकुंचन पावलेला, घड्या पडलेला खडक हवा असेल तर पूर्वेला शिवराजपूर, जांबुघोड्याकडे चला. तिथले चांपानेर गटाचे खडक म्हणजे अरवली पट्ट्याचं दक्षिण टोक.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक: दगड जमिनीत असताना त्यावर दिशा न लिहिणं. अंबाजीकडच्या ग्रॅनाइटी खडकातल्या एका शिअर झोनवर काम करणारा विद्यार्थ्यांचा गट थैलीभर सुंदर नमुने घेऊन आला. प्रत्येकावर नंबर, पण खुणेची एकही रेघ नाही. दगड तसेच कापायला दिले. काही स्लाइडमध्ये (सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या दगडाच्या पातळ कापांत) फेल्डस्पार या खनिजाच्या दाण्यांच्या टोकांना आलेल्या शेपट्या हालचाल उजवीकडे दाखवत होत्या, काहींत डावीकडे, तर काहींत दोन्ही बाजूंना सारख्याच होत्या. यावरून प्रबंधात ‘हालचालीची दिशा दोनदा उलटली’ असं चक्क लिहिलं गेलं. दगडाची वरची बाजू कोणती, हा पहिलाच प्रश्न आला आणि उत्तर कुणाकडेच नव्हतं. पावसाळ्यात उघडा खडक झाडोऱ्याखाली गेला, काम दिवाळीनंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

झालं असं होतं की कापणाऱ्याने सोयीची सपाट बाजू धरली. फोलिएशनला, म्हणजे खडकाच्या पापुद्र्यांना, समांतर काप घेतला की अभ्रकाचे नुसते पत्रे दिसतात. ताणरेघेला, म्हणजे लिनिएशनला काटकोनात घेतला की शेपट्या बहुधा सममित दिसतात. बरोबर काप एकच: फोलिएशनला काटकोनात आणि लिनिएशनला समांतर. तोही उताणा-पालथा झाला की उजवं डावं होतं. स्लाइड जागच्या जागी अर्धी फिरवल्याने मात्र दिशा बदलत नाही. पालथी केल्यानेच बदलते.

म्हणून हातोडा उचलण्याआधी मार्कर उचला. फोलिएशनच्या सपाट पृष्ठावर स्ट्राइकची, म्हणजे त्या पृष्ठावरच्या समपातळीतल्या दिशेची, रेघ ओढा, तिच्या एका टोकाला दिशेचा बाण, मधोमध उताराची छोटी खूण. होकायंत्राचे दोन्ही आकडे, स्ट्राइकचा आणि उताराचा, दगडावरच लिहा. वही हरवते, दगड हरवत नाही. पृष्ठ वरचं की खालचं तेही लिहा. जागेवर फोटो, मग घाव. कापण्याची रेघ स्वतः आखून द्या, चिपच्या (कापलेल्या तुकड्याच्या) एका कोपऱ्याला खाच पाडा आणि काचेवर बाण काढा. एका नमुन्याला दहा मिनिटं लागतात. ज्याला ती जड वाटतात, त्याच्या स्लाइडवरून दिशा मी वाचत नाही.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. ग्रॅनाइटमध्ये मध्येच हिरवट, चकचकीत, अभ्रकाने भरलेला पट्टा दिसतो आणि नवशिका लगेच लिहितो, ‘फिलाइट, मूळ गाळाचा खडक’. तो बऱ्याचदा फिलोनाइट असतो, म्हणजे ग्रॅनाइटच, पाण्याने आणि ताणाने बदललेला. शिअर झोनमधून गरम पाणी वाहतं; त्यातले हायड्रोजन आयन पोटॅश फेल्डस्पारमध्ये शिरतात, मस्कोव्हाइट हे अभ्रक आणि क्वार्ट्झ तयार होतं, जादाचं पोटॅशियम पाण्यासोबत निघून जातं. अभ्रक फेल्डस्पारपेक्षा लवकर घसरतं, त्यामुळे पुढचा ताण त्याच पट्ट्यात साठतो आणि आणखी पाण्याला वाट मिळते. सिंगभूम शिअर झोनमध्ये तांबं, युरेनियम आणि कायनाइट एकाच पट्ट्याच्या आसऱ्याने सापडतात, यात आश्चर्य नाही.

खात्री करायची तर पट्ट्याच्या मधोमध उभं राहून नाव ठेवू नका. न बिघडलेल्या ग्रॅनाइटपासून आत चालत या, दर मीटर-दोन मीटरला नमुना घ्या. फेल्डस्पारचे दाणे बारीक होत गेले, अभ्रक वाढत गेलं आणि एखादा डोळ्यासारखा फेल्डस्पार शिल्लक दिसला, तर तो फिलोनाइट. फेल्डस्पार तुटलेला पण क्वार्ट्झ ताणून फितीसारखा झालेला असेल तर तापमानाचा अंदाजही मिळतो: क्वार्ट्झ साधारण 300 अंश सेल्सिअसच्या पुढे वाहू लागतो, फेल्डस्पारला 450 ते 500 लागतात.

गार्नेट हे खनिज दिसलं की ‘उच्च रूपांतरण’ (खूप उष्णतेने, दाबाने बदललेला खडक) लिहू नका. शिवराजपूरसारख्या मँगनीजच्या खडकांत तर मुळीच नाही. मँगनीज मिळालं की गार्नेट बऱ्याच कमी तापमानाला वाढतो. आधी आजूबाजूची खनिजं बघा, मग आकडा बोला.

आणि तो गार्नेट केव्हा वाढला हे आतल्या समावेशांच्या, म्हणजे त्यात अडकलेल्या बारीक दाण्यांच्या, ओळींवरून ठरवा. सर्पिल ओळी असतील तर हालचाल चालू असताना. बाहेरचं फोलिएशन न वाकता आरपार चाललेलं असेल तर नंतर. फोलिएशन त्याच्याभोवती नुसतं वळलंय, एवढ्यावरून काहीच ठरवू नका.

गोध्रा ग्रॅनाइटच्या जवळचा अँडालुसाइट (हेही रूपांतरणातलं खनिज) ग्रॅनाइटच्या उष्णतेचा असू शकतो, पिळवटण्याचा नव्हे. नकाशावर ग्रॅनाइटची हद्द किती दूर आहे ते आधी मोजा.

गार्नेटच्या कडेचा क्लोराइट (हिरवं खनिज) बहुधा परतीच्या वाटेवरचा, म्हणजे खडक थंड होतानाचा, असतो, त्याला गार्नेटच्या जोडीला धरून तापमान काढू नका.

पांढरी क्वार्ट्झची शीर म्हणजे सोनं नव्हे. पिवळं चमकलं तर आधी चिनी मातीच्या खडबडीत तुकड्यावर घासा: पायराइटची रेघ हिरवट काळी येते, सोन्याची पिवळी.