तक्रार आपल्याच माणसाविरुद्ध आली, तर शाळा समितीने या चुका टाळाव्यात

आश्रमशाळेतील एखादी मुलगी लैंगिक छळाबद्दल शिक्षकाविरुद्ध तोंड उघडते, तेव्हा त्या शिक्षकाला वाचवायचे असे ठरवून कोणी बैठकीला बसत नाही. बैठक बसते ती ‘शाळेचे नाव’ या विषयावर, आणि उठते तोवर माणूस वाचलेला असतो. पालक सदस्य म्हणून समितीवर असलेल्या मला हे फार उशिरा उमगले. अशा एका बैठकीच्या इतिवृत्तावर माझीही सही आहे.

ती बैठक कापूस वेचणीच्या दिवसांत झाली. मुलीचे वडील रोजी पाडून आले होते आणि खुर्ची रिकामी असूनही दाराशी उभे होते. ज्या गुरुजींविरुद्ध तक्रार होती ते आमच्याच ओळीत बसले होते. चहा आला तेव्हा पहिला कप त्यांनीच उचलून वडिलांच्या हाती दिला. आवाज कोणी चढवला नाही. “पोरीचं लगन व्हाचं आहे भाऊ, कायले गोष्ट वाढवता?” असे एक ज्येष्ठ सदस्य अगदी मायेने म्हणाले. ‘गैरसमजातून तक्रार झाली’ हा मजकूर बाबूंनी आधीच लिहून ठेवला होता. वडिलांनी कप खाली ठेवला आणि अंगठा उमटवला.

आरोप असलेल्या माणसाला त्या खोलीत बसू देणे ही आमची पहिली चूक होती, आणि बाकीच्या चुका तिच्यातूनच निघाल्या.

आपण असे का वागतो, याचे उत्तर माणसांच्या स्वभावापेक्षा पटसंख्येत अधिक सापडते. बोभाटा झाला की पालक मुली काढून नेतात, पट घसरतो, संच मान्यतेत, म्हणजे पटावरून पदे मंजूर होतात तेव्हा, पद कमी होते आणि कोणीतरी शिक्षक अतिरिक्त ठरतो. त्यामुळे त्या गुरुजींशी ज्यांचे पटत नव्हते तेसुद्धा गप्प राहिले. खासगी अनुदानित शाळेत तर वसतिगृह सांभाळणाऱ्या अधीक्षिकेची नेमणूकही संस्थाचालकांच्याच हातची असते, आणि कर्मचाऱ्यांत त्यांचे नातेवाईक असणे आपल्याकडे नवलाचे नाही. मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या आतल्या गावांत पालकांना दुसरी निवासी शाळा जवळ नसते. म्हणजे साक्ष ज्यांनी द्यायची, त्यांची पोळी त्याच चुलीवर भाजली जाते.

यावर समित्या जो उपाय शोधतात तो म्हणजे ‘आपण आधी खरेखोटे पाहू’. हे काम समितीचे नाहीच. पाच जणांनी पाच वेळा तेच विचारले की मुलीच्या सांगण्यात फरक पडतो आणि तोच फरक पुढे तिच्याविरुद्ध वापरला जातो. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या (2012) कलम 19 नुसार गुन्हा घडल्याची माहिती किंवा तो घडेल अशी शंका असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवली पाहिजे. हाताखालच्या कर्मचाऱ्याचा गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवला, तर कलम 21 प्रमाणे त्याला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. वडिलांच्या अंगठ्याने ही जबाबदारी टळत नाही. ‘तक्रार खोटी निघाली तर?’ अशी भीती सदस्यांना वाटते. पण सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही, हेही त्याच कलम 19 मध्ये लिहिलेले आहे. चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 हा क्रमांक मदतीला आहे.

“मग ती ओरडली का नाही?” हा प्रश्न आमच्या बैठकीतही आला होता. 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार केल्याचा आरोप दोन पोलिसांवर झाला. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते. सत्र न्यायालयाने त्यांना सोडले, नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले आणि सर्वोच्च न्यायालयाने, अंगावर जखमा नाहीत यासारख्या कारणांवर, पुन्हा सोडले. त्यावर 1979 मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर आंदोलने झाली आणि 1983 मध्ये कायदा बदलला. आपल्याच भागातील मुलीमुळे देशाने टाकून दिलेला प्रश्न आपणच पुन्हा विचारत बसावे, याची मला आज लाज वाटते. आता पोक्सोनुसार मुलाचा किंवा मुलीचा जबाब घरी किंवा त्यांच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो.

बदलीचा मार्ग सर्वांत सोपा वाटतो, कारण त्यात कोणाचे काही बिघडल्यासारखे दिसत नाही. अमेरिकेत बॉस्टनच्या कॅथलिक धर्मप्रांताने आरोप असलेल्या धर्मगुरूंना वर्षानुवर्षे एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये हलवल्याचे 2002 मध्ये उघड झाले, आणि प्रत्येक नव्या ठिकाणी नवी मुले होती. आपल्याकडे त्याच संस्थेच्या दुसऱ्या तालुक्यातील शाळेचा आदेश निघतो, एवढाच फरक.

तक्रार शिक्षिकेची किंवा स्वयंपाकीण बाईंची असेल, तर कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती लागते. आरोप खुद्द संस्थाचालकावर असेल, तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. अशी तक्रार एरवी घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते.

शेवटची चूक शांतपणे होते आणि तिला कोणी चूक म्हणत नाही. त्या मुलीच्या वडिलांनी पंधरा दिवसांत दाखला मागितला आणि आम्ही तो त्याच दिवशी दिला, एरवी दाखल्यासाठी चार खेपा घालाव्या लागतात. हजेरीपटावर तिच्या नावापुढे ‘स्थलांतर’ असा शेरा आहे. तिचे घर अजून तिथेच आहे, शाळेच्या फाटकातून दिसते.