बुरशीकडून रूपांतर करून घेताना या चुका टाळा

१९५२ मध्ये पीटरसन आणि मरे या शास्त्रज्ञांनी रायझोपस बुरशीकडून प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या अकराव्या कार्बनवर नेमका एक हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) बसवून घेतला. त्यातून कॉर्टिसोन हे औषध बनवण्याची वाट सोपी झाली. बुरशीकडून एका रसायनाचं असं दुसरं रसायन करून घेणं म्हणजेच हे रूपांतर. ते प्रोजेस्टेरॉन मेक्सिकोतल्या एका रानकंदापासून बनवलं जायचं, आपल्या कोनफळाच्याच कुळातल्या. आमच्याकडे रत्नागिरीत एम.एस्सी.ची मुलं परसातल्या गवती चहाचं तेल आणि अ‍ॅस्परजिलस नायजर ही काळी बुरशी घेऊन असंच रूपांतर करायला बसतात. चुका दरवर्षी त्याच.

सगळ्यात घातक चूक म्हणजे कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे फ्लास्क, न लावणं. गेल्या श्रावणात एका मुलीच्या टीएलसी प्लेटवर (मिश्रणातले घटक वेगवेगळ्या ठिपक्यांत दाखवणारी पट्टी) नवा जांभळा ठिपका उठला. ती आनंदात प्रबंधात लिहायलाच निघाली होती. पण गवती चहाच्या तेलातला सिट्रल हा मुख्य घटक आम्लात आपोआप बदलतो आणि नायजर तर आम्ल सोडणारीच बुरशी. तिला म्हटलं, बुरशी न घालता, फक्त आम्लाने पीएच (आम्लतेचं माप) तेवढाच करून एक फ्लास्क लाव. पाच दिवसांनी त्यातही तोच ठिपका, त्याच उंचीवर. पोरीचा चेहरा उतरला, पण प्रबंध वाचला. म्हणून तीन फ्लास्क हवेतच: त्याच पीएचच्या माध्यमात (बुरशी वाढवायच्या द्रवात) नुसतं तेल, तेलाशिवाय बुरशी, आणि ऑटोक्लेव्ह करून (दाबाच्या वाफेने) मारलेल्या बुरशीत तेल.

तेल पहिल्याच दिवशी ओतू नका. सिट्रल बुरशीला मारतो. दोन दिवस बुरशी शेकरवर (फ्लास्क सतत हलवणाऱ्या यंत्रावर) वाढू द्या, तिच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या दिसल्या की मग तेल थोड्या इथेनॉलमध्ये विरघळवून थेंबाथेंबाने सोडा. इथेनॉल एकूण एक टक्क्याच्या आतच ठेवा.

तेल कमी झालं म्हणजे रूपांतर झालं, असंही धरू नका. खोलीत गवती चहाचा वास घमघमत असेल तर ते हवेत उडतंय. काही फ्लास्कच्या तोंडाच्या कापसाच्या बोळ्यात मुरतं, काही बुरशीच्या गोळ्यांत, म्हणून नुसता द्रव काढून थांबू नका, गोळ्याही इथाइल अ‍ॅसिटेट या विद्रावकाने धुऊन घ्या.

आणि पावसाळा. दमट हवेत बोळा ओला झाला की त्यातून परकी बुरशी आत उतरते, म्हणून वर फॉइल बांधा आणि ओला बोळा दिसला की तो फ्लास्क बाद करा. वीज गेली की शेकर थांबतो, प्राणवायू कमी पडतो आणि हायड्रॉक्सिल गट बसवायला तोच लागतो. किती वाजता गेली, किती वाजता आली, हे त्याच वेळी वहीत लिहा.