देवाची शपथ न घेता साक्ष कशी द्याल?

साक्षीचं समन्स आलं की उलटतपासाची धास्ती सगळ्यांनाच वाटते. देव न मानणाऱ्याला वर आणखी एक प्रश्न पडतो: पिंजऱ्यात उभं राहून देवाचं नाव घ्यायचं कसं? घेऊ नका. शपथ अधिनियम, १९६९ च्या कलम ५ प्रमाणे साक्षीदाराला शपथेऐवजी प्रतिज्ञा करता येते. त्यासाठी ना अर्ज लागतो, ना कारण. तालुक्याच्या कोर्टात वकिली करते, अशिलांना हेच सांगत आले आहे. सिनेमातली गीता तेवढी डोक्यातून काढा. गंगाजळ आणि कुराणावरची शपथ इंग्रजांनीच १८४० च्या कायद्याने बंद केली.

आपल्या वकिलाच्या कानावर आधी घालून ठेवा. पुकारा झाला, पिंजऱ्यात गेलात, की क्लार्क सवयीने 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो की' सुरू करेल. त्याचं वाक्य पुरं होण्याआधी न्यायाधीशांकडे बघून म्हणा, "साहेब, मला प्रतिज्ञेवर साक्ष द्यायची आहे." मग 'गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो' असं म्हणून पुढचं तेच: खरं सांगेन, पूर्ण खरं सांगेन. विज्ञानावर भाषण नको, बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांची यादी, लांबलेला असतो. मात्र शपथही नको आणि प्रतिज्ञाही नको, असं चालत नाही. तो गुन्हा आहे. आणि खोटी साक्ष दिलीत तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ खाली सात वर्षांपर्यंतची कैद दोघांनाही सारखीच, देवाचं नाव घेतलेल्याला आणि न घेतलेल्याला.

समोरचा वकील कधीकधी खोचकपणे विचारतो, "देवच मानत नाही, मग खरं कशाला बोलाल?" चिडू नका. "ज्याच्याबद्दल बोलतोय त्याचं नुकसान होईल म्हणून," एवढं उत्तर पुरे. प्रतिज्ञेची सवलत नास्तिकांनीच मिळवली असंही नाही. इंग्लंडमध्ये १६९५ च्या कायद्याने ती क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना मिळाली. ते कट्टर श्रद्धाळू. शपथच वाहू नका असं येशूने सांगितलंय म्हणून अडून बसलेले.

आपल्याकडे तर १८७३ च्या कायद्यात अशी सोय होती की, 'त्याने अमुक देवळात शपथ घेतली तर मला मान्य' असं एका पक्षाने कोर्टात कबूल केलं आणि दुसऱ्याने तशी शपथ घेतली, तर त्याचं म्हणणं पहिल्यावर कायमचं बंधनकारक. बेलभंडारा उचलला, वाद मिटला. १९६९ च्या कायद्यात ही सोय ठेवली नाही, ते बरंच झालं. बांधाच्या एका दाव्यात कानाला हात लावून, देवाचं नाव घेऊन साक्षीदार म्हणाला, लिंब पहिल्यापासून आमच्याच हद्दीत. विहीर लिंबाच्या कुठल्या अंगाला, असं विचारल्यावर तो वकिलाच्या तोंडाकडे बघायला लागला. याउलट एक माळकरी म्हातारा सख्ख्या पुतण्याविरुद्ध खरं बोलला. माळ गळ्यात आहे म्हणून बोललो, असं तो म्हणाला आणि मी ते मानते. पण म्हणून बिनमाळेचा खोटा ठरत नाही. विहिरीचा प्रश्न दोघांनाही विचारलाच पाहिजे.

सही करण्याआधी जबानीचा कागद वरपासून वाचा. मथळ्याशी 'शपथेवर' लिहिलं असेल तर तिथेच सांगून 'प्रतिज्ञेवर' करून घ्या.