फक्त हवा मारून भागत नाही: ऑफ-रोड बाईकचा एअर फिल्टर साफ करताना या चुका टाळा

राजापूरच्या सड्यावर, म्हणजे तांबड्या कातळाच्या पठारावर, चिऱ्यांच्या ट्रकनी उखणून ठेवलेल्या रस्त्यांवर दोन दिवस बाईक फिरवून परत आलो. फिल्टर निघायच्या आदल्या रात्री मी स्वतः धुतला होता. घरी आल्यावर तो काढला आणि थ्रॉटल बॉडीकडे, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या भागाकडे, जाणाऱ्या रबरी नळीत सहज बोट फिरवलं, तर बोटाला लाल पूड, म्हणजे फिल्टर चुकवून आत गेलेली धूळ. फिल्टरची कड एका जागी करंगळीच्या पेराएवढी दुमडली होती, बस्स.

मळलेल्या फिल्टरला आपण उगाच जास्त घाबरतो. तो इंजिनाचा दम कोंडतो. पिकअप जातो, कार्ब्युरेटरची गाडी असेल तर प्लग काळा पडतो, अ‍ॅव्हरेज घसरतं. फिल्टर साफ केला की हे बहुतेक सगळं जागेवर येतं. वाकडा बसलेला किंवा फाटलेला फिल्टर मात्र कसलीच कुरकुर करत नाही. हवा मोकळी मिळते म्हणून गाडी उलट मस्त पळते. तेवढ्यात आत गेलेली धूळ ऑइलमध्ये मिसळून धातू घासून काढणाऱ्या लॅपिंग पेस्टचं काम करत असते. पिस्टनच्या रिंगा, सिलिंडरचा बोअर, हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह, सगळं झिजतं. सायलेन्सरमधून निळसर धूर यायला लागतो किंवा व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हजवळ ठेवलेली बारीक फट) सारखं कमी होत राहतं, तेव्हा कुठे आपल्याला कळतं.

आधी फिल्टर कोणता ते बघा

गॅरेजमध्ये गाडी लावली की पोऱ्या फिल्टर काढतो, कॉम्प्रेसरची नळी धरतो आणि "हवा मारून दिली" म्हणतो. कोरड्या कागदी फिल्टरला आतून बाहेर, लांबून, हलकी हवा एखाद्या वेळी चालते. पण आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत तेलकट कागदाचा फिल्टर असतो. हाताला चिकट लागला तर समजा तोच. त्याला हवाही मारायची नाही आणि धुवायचाही नाही, थेट बदलायचा. मॅन्युअलमधला बदलण्याचा आकडा साध्या वापरासाठी असतो. धुळीत गाडी घालणाऱ्याने त्याच्या बऱ्याच आधी बघावं. फोमचा फिल्टर धुवून पुन्हा वापरता येतो, पण त्यालाही कॉम्प्रेसरची हवा नको, फोम फाटतो.

फोम धुताना

पेट्रोलने धुवू नका. आगीची भीती आहेच, शिवाय फोमचे तुकडे जिथे चिकटवलेले असतात तो जोड पेट्रोलने सुटतो. फिल्टर क्लीनर किंवा रॉकेल वापरा, आणि मग भांडी घासायच्या लिक्विडच्या कोमट पाण्यात धुवा. पाणी आतून बाहेर जाईल असं ओता, नाहीतर बाहेरची घाण तुम्हीच आत ढकलाल. आणि फोम पिळू नका. मुठीत दाबा, सोडा, पुन्हा दाबा. फडक्यासारखा पिळला की जोडावर चीर पडते आणि ती ओल्या फोममध्ये दिसतही नाही. वाळल्यावर उजेडासमोर धरून बघा. चीर दिसली, फोमचा भुगा बोटाला लागला, तर नवीनच घ्या.

वाळवायचा सावलीत. पावसाळ्यात याला दीड-दोन दिवस लागतात, आणि घाई नेमकी इथेच होते. धूळ धरून ठेवण्यासाठी फोमला तेल लावायचं असतं आणि ओल्या फोमवर ते नीट बसत नाही. त्यामुळे मी दुसरा फिल्टर तेल लावून झिपच्या पिशवीत तयार ठेवतो. सहलीतही तोच कामी येतो.

तेल मात्र फिल्टरचंच घ्या. इंजिन ऑइल पातळ असतं. ते ओघळून खाली जमतं, वरचा फोम कोरडा राहतो आणि धूळ तिथून आरामात आत जाते. फिल्टर ऑइल बहुधा रंगीत असतं, त्याचा फायदा घ्या. हातमोजे घालून फोम मळत राहा. फिकट डाग दिसतो तिथे तेल पोचलेलं नाही. जास्त झालेलं दाबून काढा आणि रात्रभर ठेवा.

बसवताना

फिल्टर काढल्याकाढल्या एअरबॉक्सच्या (फिल्टर बसतो त्या डब्याच्या) इंजिनाकडे जाणाऱ्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा, मग बॉक्स पुसा. बसवायच्या आधी फिल्टरच्या कडेला ग्रीसचा पातळ थर द्या आणि बसवल्यावर कडेभोवती पूर्ण बोट फिरवा. माझ्याकडून राहिलं ते नेमकं हेच. शंका असेल तर रबरी नळीच्या आत ग्रीसचं बोट फिरवून ठेवा आणि पुढच्या राईडनंतर बघा. धूळ येत असेल तर तिथे चिकटलेली सापडेल. फिल्टर ठीक असूनही धूळ दिसली तर नळीला चीर आहे का, क्लॅम्प ढिला आहे का ते तपासा.

साफ केल्यावर गाडी अडखळायला लागली? तेल जास्त झालंय किंवा फोम ओला आहे. चेक इंजिनचा दिवा लागला? काम करताना एखाद्या सेन्सरचा प्लग सुटला असेल. स्टार्टच होत नाही? हसू नका, पण ते फडकं आधी आठवा.

वॉशिंग सेंटरवाल्याला प्रेशरचा पाइप सीटखाली आणि साइड पॅनेलमध्ये मारू देऊ नका. आवाज भारी येतो म्हणून एअरबॉक्सला भोकं पाडणारेही भेटतात. ओढ्यात उतरल्यावर त्याच भोकांतून पाणी आत जातं. गाडी पाण्यात आडवी झाली तर स्टार्टर दाबायच्या आधी एअरबॉक्सच्या तळाची ड्रेनची नळी उघडा आणि फिल्टर काढून बघा. पाणी सिलिंडरपर्यंत गेलेलं असताना इंजिन फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

राजापूरच्या त्या लाल पुडीनंतर मी ऑइल लगेच बदललं आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून घेतलं. ते ठीक निघालं. तरी आता दर सर्व्हिसला व्हॉल्व्ह क्लिअरन्सचा आकडा मागून घेतो, आणि मेकॅनिक दरवेळी कपाळाला आठ्या घालतो.