लोकरीचे गोंडे आणि खणाची पानं: दाराचं तोरण

मापं आधी. फ्लॅटच्या मुख्य दाराची चौकट बाहेरून बाहेर साधारण ४२ इंच भरते. आपल्या दाराला टेप लावून बघा, अंदाजाने कापू नका. तोरणाची पट्टी चौकटीपेक्षा २ इंच कमी ठेवायची, म्हणजे ४० इंच. पट्टीची रुंदी ३ इंच, पान ३ इंच रुंद आणि ६ इंच लांब, पानं ११. विषम संख्या मुद्दाम घेतली आहे: मधोमध एक पान येतं आणि दोन्ही बाजूंना पाच-पाच. १२ पानं लावली तर दाराच्या मध्यावर फट येते आणि तोरण एका अंगाला सरकल्यासारखं वाटतं.

सामान: पानांसाठी अर्धा मीटर खण, पट्टीसाठी दुसऱ्या रंगाचा अर्धा मीटर खण, अस्तराला अर्धा मीटर पॉपलिन, एक मीटर बक्रम (पट्टीला ताठपणा देणारं कडक कापड), अर्धा मीटर पातळ फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर), दोन रंगांची मिळून १०० ग्रॅम चार पदरी लोकर, क्रोशाचा दोरा, दहा मोठे मणी आणि जाड पुठ्ठा. दुकानात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक वेळा ॲक्रिलिक असते. या कामाला तीच बरी, कसर लागत नाही.

गोंडे आधी करून ठेवा, कारण सगळ्या तोरणाची शोभा त्यांच्यावर आहे. पुठ्ठ्याची ४ सेंटिमीटर रुंद पट्टी कापा आणि तिच्यावर लोकरीचे १५० वेढे घ्या. वेढे ओढून घेऊ नका. ताणलेली लोकर पुठ्ठ्यावरून काढली की आखडते आणि गोंडा मापापेक्षा लहान होतो. एका गोंड्याला साधारण १२ मीटर लोकर जाते, म्हणजे जवळपास ५ ग्रॅम. ७०-८० वेढ्यांवर थांबण्याचा मोह होतोच. तसा गोंडा टांगल्यावर मधून विरळ दिसतो, आतली गाठ डोकावते आणि चार दिवसांत तो चपटा पडतो.

वेढ्यांची जुडी पुठ्ठ्यावरून अलगद सरकवून काढा आणि बरोबर मधोमध बांधा. बांधायला लोकर घेऊ नका. लोकर ताणते, ऐन आवळताना तुटते, आणि तुटली नाही तरी गाठ नंतर सैल पडते. क्रोशाचा दोरा दुहेरी घ्या, पहिल्या गाठीत दोनदा फिरवा म्हणजे आवळताना ती मागे सरकत नाही. मग जुडी उलटी करून दुसऱ्या बाजूनेही एक गाठ मारा. दोऱ्याची टोकं ८ इंच लांब ठेवा, गोंडा त्यांनाच टांगायचा आहे.

आता दोन्हीकडचे फेरे कात्रीने कापा. गोंडा झिपऱ्या मोकळ्या सुटल्यासारखा दिसेल; घाबरू नका. उकळत्या पाण्याच्या वाफेवर हातभर अंतरावरून दहा सेकंद फिरवला की लोकरीचे पदर उकलतात आणि तो फुगतो. मग हातात फिरवत थोडा थोडा छाटून साडेतीन सेंटिमीटरवर आणा. कात्री धारदारच हवी. बोथट कात्री लोकर चावते आणि गोंड्याला खड्डे पडतात. छाटताना केस सुटून हातात आले तर गाठ सैल आहे. तो गोंडा सोडवून पुन्हा बांधा, फेविकॉल भरून तो टिकत नाही. असे १३ गोंडे लागतील.

पानांकडे वळू. कर्नाटकातल्या गुळेदगुड्ड गावचा खण असो की बाजारात मीटरवर मिळणारा, त्याच्या दशा फार लवकर निघतात. म्हणून कापण्याआधीच खणाच्या उलट बाजूला फ्यूजिंग चिकटवायचं. वर सुती फडकं ठेवून मध्यम इस्त्री दाबा, घासू नका. मीटरवरच्या खणात कृत्रिम धागा असेल तर कडक इस्त्रीने तो आकसतो.

पानाचा पुठ्ठ्याचा नमुना करा: वर ३ इंच सरळ, खाली टोकदार. खणावर आखताना दोन्ही बाजूंना आणि टोकाला पाव इंच, वरच्या कडेला अर्धा इंच माया (शिवणीसाठी जादा कापड) ठेवा. पान कापडाच्या उभ्या धाग्यावरच कापा. कापड वाचवायला तिरकं मांडलं की पान उरेबात जातं आणि टांगल्यावर पिळतं. एका ओळीत सहा, दुसऱ्या ओळीत पाच अशी पानं बसतात. अस्तर मात्र सूतभर (इंचाचा आठवा भाग) अरुंद कापा. शिवण मागे वळते आणि अस्तर पुढून डोकावत नाही.

खण आणि अस्तर सुलट बाजू आत ठेवून शिवा, वरची कड उघडी राहू द्या. टोकाशी आल्यावर थेट वळू नका, एक टाका आडवा घ्या आणि मग दुसरी बाजू धरा. ऐकायला उलटं वाटेल, पण टोक त्यानेच नीट येतं; नाहीतर कापड तिथे गोळा होऊन गाठोडं बनतं. टोकाची जास्तीची माया छाटून पान उलटवा. टोक बाहेर काढायला विणायची सुई वापरा, कात्रीचं टोक कापडातून आरपार जातं. मधली शीर पिवळ्या लोकरीची: लोकर पानावर सरळ ठेवून साध्या दोऱ्याने दर पाव इंचावर आडवा टाका घालत जा.

पट्टीला ४१ इंच लांब आणि ७ इंच रुंद कापड हवं. खणाचा पन्हा (कापडाची रुंदी) अरुंद, त्यामुळे २१ इंचांचे दोन तुकडे मधोमध जोडा. हा जोड दिसतोच, त्यावर शेवटी तीन गोंड्यांचा झुबका येईल. पट्टीच्या पुढच्या अर्ध्या भागामागे ३९ इंच लांब, ३ इंच रुंद बक्रम कच्च्या धावदोऱ्याने धरा. मग मधल्या पानापासून सुरुवात करून पुढच्या भागाच्या खालच्या कडेला दर साडेतीन इंचावर पान मांडा: पानाची सुलट बाजू पट्टीच्या सुलट बाजूवर, टोकं वरच्या दिशेला. टाचण्यांवर भरवसा नको, धावदोरा घालाच. अर्धा इंच आत शिवण मारून पट्टी दुमडली की पानं खाली येतात. दोन्ही टोकांची अर्धा-अर्धा इंच माया आत घ्या, मागची कड दुमडून हाताने हेम करा.

गोंडे शिलाई पूर्ण झाल्यावरच लावायचे. आधी लावले तर मशीनचा पाय त्यांच्यावर अडतो. दोन पानांच्या मधल्या दहा जागी, दोऱ्यात मणी ओवून, गोंडा पानांच्या टोकांच्या पातळीला येईल असा लोंबता ठेवा. वर पानांत फट अर्धाच इंच असते, तिथे तो चेंगरतो. दोरा पट्टीच्या शिवणीत घट्ट गाठवा.

टांगताना दुहेरी चिकटपट्टीच्या भरवशावर राहू नका, ऑइलपेंटवरून ती पावसाळ्यात सुटते. पट्टीच्या मागे वरच्या कडेला दीड इंचाची कापडी खोळ हाताने शिवा, तिच्यात अर्ध्या इंचाची लाकडी पट्टी सरकवा आणि दोन हुकांवर ठेवा. लाकूड नसेल तर तोरण मध्ये झोळ खातं.

बाहेर जाळीचा दरवाजा असेल तर तो उघडून बघूनच जागा ठरवा. तो बाहेर उघडत असेल तर प्रत्येक वेळी गोंड्यांना घासतो आणि महिन्याभरात ते पिंजले जातात. तिथे तोरण चौकटीच्या वर भिंतीवर लावावं, किंवा पानं चार इंचांचीच करावीत. पणत्या ठेवताना दिवा तोरणाच्या खाली येऊ देऊ नका, ॲक्रिलिक पेट घेतं आणि वितळून थेंब पडतात. धूळ ब्रशने झटका. तोरण धुवायचं नाही: बक्रमला एकदा पडलेली सुरकुती इस्त्रीने पूर्ण जात नाही.